कटिशूलात व्यायाम : निषेध की औषध?

वैद्याच्या बाह्यरुग्ण विभागात नित्य येणाऱ्या तक्रारींची नोंद ठेवली, तर कटिशूलाचे स्थान फार वरचे आढळते. जागतिक रोगभाराच्या पाहणीनुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख व्यक्ती कंबरदुखीने पीडित होत्या आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. यांपैकी बहुतेकांची वेदना काही आठवड्यांत शमते. परंतु जी तीन महिन्यांपलीकडे टिकते, ती जीर्ण कंबरदुखी रुग्णाची झोप, कमाई आणि आत्मविश्वास या तिन्हींवर घाला घालते. प्रस्तुत लेखात आम्ही या जीर्ण अवस्थेचा आणि तीतील व्यायामाच्या स्थानाचाच विचार करणार आहोत.

अशा रुग्णाचा सर्वसाधारण प्रवास वैद्यवर्गाच्या परिचयाचा आहे. स्नेहन, स्वेदन, कटिबस्ती, बस्तिक्रम आणि शमन औषधे यांनी त्याला आराम पडतो. तो समाधानाने घरी जातो आणि काही महिन्यांनी तीच तक्रार घेऊन परत येतो. उपक्रमांत दोष नसतानाही असे का घडते? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर बरेचदा केसपेपरच्या शेवटच्या ओळीत सापडते. तेथे लिहिलेले असते : ‘विश्रांती घ्यावी, वाकू नये, वजन उचलू नये.’ किती दिवस, हे लिहिलेले नसते. रुग्ण ती आज्ञा जन्मभराची समजतो. स्नायू क्षीण होत जातात, भीती वाढत जाते आणि उपचारांनी मिळालेले सुख टिकवून धरण्याचे बळ शरीरात उरत नाही.

शास्त्रातील निषेधाचा अर्थ

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो रास्त आहे. कटिशूल, त्रिकग्रह, पृष्ठग्रह, गृध्रसी हे सारे वाताचे विकार होत. चरकाचार्यांनी महारोगाध्यायात ८० नानात्मज वातविकारांत त्रिकग्रह, पृष्ठग्रह व गृध्रसी यांची गणना केली आहे. वातव्याधीच्या हेतूंतही अतिव्यायामाचा उल्लेख आहे. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात तर वातपित्तरोगी, बालक, वृद्ध आणि अजीर्णी यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. मग कटिशूलाच्या रुग्णास व्यायाम कोणत्या आधाराने द्यावा?

या प्रश्नाचे उत्तर संहितांतच आहे. सुश्रुताचार्यांची व्यायामाची व्याख्या शरीरास आयास, म्हणजे श्रम, उत्पन्न करणाऱ्या कर्माची आहे. मल्लविद्येची परंपरा डोळ्यांपुढे आणली, म्हणजे निषेध कोणत्या व्यायामाचा आहे, हे ध्यानात येते. त्याच सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील २४व्या अध्यायात देहाला फार पीडा न देणाऱ्या चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, गुण वेगळे वर्णिले आहेत. ते आयुष्य, बल, मेधा व अग्नी वाढविणारे आहे, असे आचार्य सांगतात. दमविणारा व्यायाम आणि न दमविणारी चेष्टा हा भेद आचार्यांना अभिप्रेत होता, हे यावरून दिसते.

चरकाचार्यांची व्याख्या तर याहून सूक्ष्म आहे. त्यांच्या मते स्थैर्य व बल यांसाठी केलेली, इष्ट अशी आणि मात्रेने आचरावयाची शरीरचेष्टा म्हणजे व्यायाम. त्याच्या फलांत लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य व अग्निवृद्धी यांच्यासोबत ‘दुःखसहिष्णुता’ हा शब्द येतो. जीर्ण कटिशूलाच्या चिकित्सकाने या शब्दापाशी क्षणभर थांबावे. जीर्ण वेदनेत केवळ कंबरेतील विकृती हेच कारण नसते. वेदना ग्रहण करणारी यंत्रणाच अधिक संवेदनशील झालेली असते, असे आधुनिक वेदनाशास्त्र सांगते. क्रमाने वाढविलेली हालचाल ही संवेदनशीलता कमी करण्यास साहाय्य करते. वेदना सोसण्याची शरीराची क्षमता वाढणे हे व्यायामाचे फल आहे, हा विचार आपल्या ग्रंथात आधीपासूनच आहे.

सारांश, वातव्याधीत निषेध आहे तो अतिमात्रेचा, रूक्ष शरीराने केलेल्या श्रमाचा आणि साहसाचा. मात्रायुक्त, स्नेहपूर्वक व क्रमशः वाढविलेली चेष्टा त्या निषेधात बसत नाही, असे आमचे मत आहे.

संशोधनाचा कौल

विश्रांतीवरील विश्वासाला पहिला मोठा धक्का १९८६ साली अमेरिकेत बसला. तीव्र कंबरदुखीच्या एका गटास दोन दिवसांची व दुसऱ्या गटास सात दिवसांची शय्याविश्रांती सांगण्यात आली. दोन दिवसांच्या गटाचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले आणि इतर बाबतींत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे झालेल्या चाचणीत अंथरुणात पडून राहिलेल्यांपेक्षा आणि ठरावीक व्यायाम केलेल्यांपेक्षाही, सोसेल तितके नित्यव्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. येथे एक तारतम्य लक्षात घ्यावे. तीव्र अवस्थेत नित्यव्यवहार चालू ठेवणे पुरेसे असते. विशेष व्यायामाचे खरे क्षेत्र जीर्ण अवस्था हे आहे.

त्या जीर्ण अवस्थेविषयी २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत २४९ चाचण्यांचा एकत्र विचार झाला. उपचार न घेणाऱ्यांच्या किंवा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांची वेदना १०० गुणांच्या मापावर सरासरी १५ गुणांनी कमी आढळली. हा लाभ चमत्कार वाटावा असा नाही, हे रुग्णास प्रामाणिकपणे सांगावे; परंतु रात्रीची झोप आणि दिवसाचे काम परत मिळण्यास तो अनेकांना पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जीर्ण कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत रुग्णशिक्षण व व्यायाम यांची शिफारस असून कंबरेचा पट्टा व ट्रॅक्शन यांचा नित्य वापर करू नये, असे म्हटले आहे. २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ व्यक्तींचा अभ्यास झाला. मार्गदर्शनासह क्रमाने चालणे वाढविलेल्या गटात दुखणे उलटण्यास मध्यमानाने २०८ दिवस लागले, तर दुसऱ्या गटात ११२ दिवस. चंक्रमणाचे याहून समर्पक समर्थन कोणते असू शकेल?

‘गादी सरकली’ ही भीती

रुग्ण एमआरआयचे पाकीट घेऊन येतो आणि ‘मणक्याची गादी सरकली आहे’ असे सांगतो. आपल्या कण्याचे काही तरी जागेवरून निसटले आहे, असे चित्र त्याच्या मनात असते. अशा रुग्णाकडून व्यायाम कसा होणार? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेत कंबर मुळीच न दुखणाऱ्या ३,११० व्यक्तींच्या प्रतिमा अभ्यासल्या गेल्या. चकतीची झीज वयाच्या विशीत ३७ टक्के, तर ऐंशीत ९६ टक्के व्यक्तींत आढळली. म्हणजे अशा बऱ्याच खुणा केस पिकण्यासारख्या वयोमानाच्या असतात. अहवाल व लक्षणे यांचा मेळ बसतो का, हे परीक्षणाने पाहावे आणि मेळ बसत नसल्यास तसे स्पष्ट सांगावे. आश्वासन हा येथे उपचाराचाच भाग आहे.

प्रथम काय वगळावे?

व्यायाम सुरू करण्यापूर्वी गंभीर कारणे वगळणे हे वैद्याचे कर्तव्य होय. मूत्र वा मल यांवरील ताबा सुटणे, गुदाभोवतीच्या व जांघेच्या भागात बधिरता, पायातील वाढती दुर्बलता ही लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब शस्त्रक्रियातज्ज्ञाकडे पाठवावे. ज्वर, वजन घटणे, रात्री विश्रांतीतही न थांबणारी वेदना, पूर्वीचा कर्करोग यांची विचारपूस करावी. आपल्या देशात मणक्याचा क्षय विसरून चालत नाही. वृद्धांत अथवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत किरकोळ आघातानेही अस्थिभग्न संभवतो. तरुणात पहाटे कंबर आखडून हालचालीने मोकळी होत असेल, तर मणक्यांच्या दाहजन्य संधिविकाराची तपासणी करावी.

मात्रा, काल आणि क्रम

‘थोडा व्यायाम करत जा’ हे सांगणे म्हणजे ‘थोडे औषध घेत जा’ असे सांगण्यासारखे आहे. गुग्गुळाच्या गोळ्या किती, केव्हा व कशाबरोबर हे आपण लिहून देतो. व्यायामही त्याच पद्धतीने लिहावा.

आरंभासाठी उत्तम काल स्नेहन-स्वेदनानंतरचा. कोरडे लाकूडसुद्धा स्नेह व स्वेद यांनी नमविता येते, हा चरकाचार्यांचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. लाकूड मऊ झाल्यावर ते नमवावयाचे असते. मऊ करून तसेच ठेवून दिले, तर ते पुन्हा ताठरते. कटिबस्तीने आराम पडला, की त्याच आठवड्यात हालचालीस प्रारंभ करावा.

साधारणतः बारा आठवड्यांचा पुढील क्रम आम्ही सुचवितो. पहिले दोन आठवडे उताणे झोपून गुडघे वाकवावेत व पोट आवळून कंबरेखालची पोकळी जमिनीस टेकवावी, एकेक गुडघा छातीकडे आणावा, मार्जारासन करावे. प्रत्येक क्रिया ८ ते १० वेळा, दिवसातून दोनदा आणि जोडीस १० मिनिटे चालणे. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सेतुबंधासन, कोपरांवर भार देऊन अर्धे भुजंगासन आणि हातागुडघ्यांवर राहून उजवा हात व डावा पाय, नंतर डावा हात व उजवा पाय लांबवून ५ ते १० सेकंद स्थिर राहणे. चालणे २० मिनिटे. सातव्या आठवड्यापासून हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, जिने चढणे, तसेच आधी रिकामी, मग पाव, मग अर्धी भरलेली बादली गुडघे वाकवून उचलणे. चालणे ३० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. आधी वाकून कोणती वेदना वाढते आणि मागे झुकून कोणती, हे पाहून क्रियांची निवड बदलावी.

मात्रेचे माप सुश्रुताचार्यांनीच दिले आहे. श्वास तोंडावाटे घ्यावासा वाटू लागला, की अर्धी शक्ती संपली, तेथे थांबावे. वेदनेचे मापही रुग्णास सांगावे. करताना सोसेल इतके दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमले, तर मात्रा योग्य. दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेले असेल, तर मात्रा निम्मी करावी. परंतु बंद करू नये. वेदना पायात खाली उतरू लागली, तर मात्र पुन्हा परीक्षण करावे.

‘आम्हांला कसला व्यायाम?’

भातलावणी करणारी स्त्री, ऊसतोड कामगार, हमाल यांचा हा प्रश्न कानाआड करू नये. दिवसभर वाकून राबणाऱ्यास व्यायाम सांगणे त्याला थट्टा वाटते. येथे चरकाचार्यांचा ‘इष्ट’ हा शब्द उपयोगी पडतो. श्रम हे पोटासाठी, एकाच दिशेने आणि थांबण्याची मुभा नसताना होतात. व्यायाम आपल्या इच्छेने, विरुद्ध दिशेने व मोजून होतो. लावणी करणारीने ठरावीक वेळाने बांधावर उभे राहून, कंबरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुकावे. तिला वेगळी सतरंजी किंवा वेगळा तास लागत नाही. दुकानाच्या गादीवर किंवा संगणकापुढे बसणाऱ्यास याउलट चालणे व बळ वाढविणाऱ्या क्रिया अधिक हव्यात. ‘वजन उचलू नका’ हा सल्ला हमालास देणे म्हणजे त्याची रोजी काढून घेणे होय. त्याला वजन उचलण्याइतके पुन्हा समर्थ करणे हे आपले काम आहे.

वैद्यवर्गास विनंती

महाराष्ट्राला व्यायामाच्या शास्त्रीय अभ्यासाची परंपरा आहे. लोणावळा येथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधामाची स्थापना करून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्यास प्रारंभ केला. त्या परंपरेस साजेसे काम प्रत्येक दवाखान्यात होऊ शकते. केसपेपरवर औषधांखाली व्यायामासाठी स्वतंत्र जागा ठेवावी. रुग्णाकडून क्रिया समक्ष एकदा करवून घ्यावी. पुनर्तपासणीच्या वेळी ‘दुखणे किती?’ या प्रश्नाआधी ‘किती चालता? काय उचलता? झोप लागते का?’ हे विचारून उत्तरे लिहून ठेवावीत. बारा आठवड्यांनी त्या नोंदी रुग्णापुढे ठेवाव्यात.

तेल, बस्ती व गुग्गुळ यांचे महत्त्व यामुळे यत्किंचितही उणे होत नाही. त्यांनी मिळवून दिलेली उसंत रुग्णाने बळ कमावण्यासाठी वापरावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. विश्रांती सांगितली, तर ती किती दिवसांची हेही लिहावे आणि त्याखालच्या ओळीत व्यायामाची मात्रा लिहावी.