शस्त्रक्रियेनंतरची हजेरी

शस्त्रक्रियेचें नांव निघालें कीं घरांतील सर्व माणसांचें लक्ष एका दिवसाकडे लागतें. भूल नीट उतरेल ना, टांके किती पडतील, रुग्णालयांत सोबतीला कोणीं राहावयाचें, या विवंचनेंत तो दिवस उजाडतो आणि मावळतो. रोगी आपल्या पायांनीं चालत घरीं आला म्हणजे सर्वांना सुटल्यासारखें वाटतें. देवापुढें साखर ठेवली जाते आणि प्रकरण संपलें असें समजण्यांत येतें. परंतु नोकरी करणाऱ्या माणसाच्या बाबतींत तें संपलेलें नसतें. रजा संपवून तो कामावर रुजू होतो, तोंच वरिष्ठ त्याला आपादमस्तक न्याहाळतात आणि म्हणतात, "वा! तुम्ही तर अगदीं पूर्वीसारखे दिसतां. बरें झालें आलांत. तीन आठवड्यांचें काम तुंबून राहिलें आहे." या बोलण्यांत दुष्टावा असतोच असें नाहीं. त्यांत एक समजूत मात्र असते आणि ती चुकीची असते. माणूस हिंडूं-फिरूं लागला म्हणजे तो बरा झाला, ही ती समजूत होय.

ती कोठून आली हें पाहण्यासारखें आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं पोटाची शस्त्रक्रिया झालेला रोगी दोन-दोन, तीन-तीन आठवडे अंथरुणावरच असे. उठला तर जखम उकलेल, अशी भीति वैद्यांना आणि नातलगांना सारखीच वाटे. शिकागो येथील एमिल रीस या शस्त्रवैद्यानें १८९९ सालीं रोग्याला लवकर उठवावें असें प्रतिपादन केलें होतें. पण त्याचें म्हणणें फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं. पुढें डेट्रॉइटचे डॅनियल लाइथाउझर यांनीं याच मताचा पाठपुरावा केला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, खाटा अपुऱ्या व परिचारिका थोड्या अशी स्थिति असतां, ही पद्धति सर्वत्र रुजली. फार दिवस पडून राहिल्यानें पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा आणि फुप्फुसांत कफ सांचण्याचा धोका वाढतो, हें वैद्यांना पटलें. तेव्हांपासून दुसऱ्या दिवशींच, पुष्कळदां त्याच दिवशीं, रोग्याला उभें करण्यांत येतें.

त्यानंतर दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. जर्मनींत एरिख म्यूहे यांनीं १९८५ सालीं आणि फ्रान्समध्यें फिलिप मूरे यांनीं १९८७ सालीं, पोटाला लहान छिद्रें पाडून पित्ताशय बाहेर काढलें. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनीं १९९० सालीं भारतांतील अशी पहिली शस्त्रक्रिया केली. ज्या विकारासाठीं पूर्वी रोग्याला आठ-आठ, दहा-दहा दिवस रुग्णालयांत काढावे लागत, त्यासाठीं आतां पुष्कळदां एक-दोन रात्रींत घरीं जातां येतें. ही प्रगति खरी आहे आणि तिनें असंख्य माणसांचें दुःख कमी केलें आहे. परंतु तिच्यामुळें एक नवीनच घोटाळा झाला. पूर्वी अंथरुणावर पडलेला माणूस आजारी आहे हें पाहणाऱ्याला आपोआप कळे. आतां तो चौथ्या दिवशीं जिना उतरतो, आठव्या दिवशीं कोपऱ्यावरून भाजी आणतो. त्याच्या अंगांत अजून कांहीं चाललें असेल अशी शंकासुद्धां कोणाला येत नाहीं.

अंगांत काय चाललेलें असतें? जखम भरून येणें हें एका दिवसाचें काम नव्हे. पहिले कांहीं दिवस त्या जागीं सूज असते. शरीर मृत पेशी आणि जंतु यांची झाडलोट करीत असतें. मग नवे धागे विणले जाऊं लागतात. कोलॅजेन नांवाच्या द्रव्याचे हे धागे प्रथम वेडेवांकडे पडतात; त्यांची नीट रचना होऊन ते घट्ट बसावयाला कित्येक महिने लागतात. कातडीवरचे टांके साधारण आठ-दहा दिवसांत निघतात, पण तीन आठवड्यांच्या शेवटीं जखमेच्या जागेचें बळ मूळच्या बळाच्या सुमारें २० टक्के असतें, आणि तें ८० टक्क्यांच्या आसपास यावयाला तीन महिने जातात. पूर्वीचें संपूर्ण बळ तर त्या जागेला कधींच परत मिळत नाहीं. पोटाच्या स्नायूंवर जो चिवट पडदा असतो त्याची गति याहून मंद असते. वजन उचलतांना अथवा जोरानें खोकतांना पोटांतील दाब वाढतो आणि तो नेमका या अर्धवट सांधलेल्या पडद्यावर येतो. तो पडदा विरला तर जखमेच्या जागींच अंतर्गळ, म्हणजे हर्निया, उद्भवण्याचा संभव असतो. मग पुन्हां शस्त्रक्रिया, पुन्हां रजा आणि पुन्हां तीच कचेरीची पायरी!

म्हणून कामावर परतण्याची मुदत दिसण्यावरून न ठरवितां शस्त्रक्रियेच्या आणि कामाच्या स्वरूपावरून ठरवावी लागते. दुर्बिणीनें पित्ताशय काढलें असेल तर बैठें काम सामान्यतः एक ते दोन आठवड्यांत सुरू करतां येतें. तेंच पोट उघडून काढलें असेल तर सहा ते आठ आठवडे लागतात. पोटावाटे गर्भाशय काढलेल्या स्त्रीलाही तितकीच मुदत लागते. छातीचें हाड कापून हृदयावर शस्त्रक्रिया झाली असेल तर दोन ते तीन महिने धरावे. हीं सर्वसाधारण मानें होत. वय, मधुमेह, पूर्वीचे आजार यांनीं त्यांत फरक पडतो आणि अखेरचा शब्द ज्या डॉक्टरांनीं शस्त्रक्रिया केली त्यांचा.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास पाहिजे. मुंबईसारख्या शहरांत कारकुनाचें काम बैठें असलें तरी कामाची वाट उभी असते. डोंबिवलीहून निघणारा माणूस गर्दीच्या वेळीं तासाहून अधिक काळ लोकलमध्यें उभा राहतो, कोपरांचे धक्के खातो आणि पूल चढून उतरतो. पुण्याच्या माणसाला दुचाकीवरून खड्ड्यांतले हिसके बसतात. खुर्चीवर बसून कागद पाहण्याची शक्ति ज्याला आली आहे, त्याला ही वाट झेपेलच असें नाहीं. डॉक्टरांना कामाचें स्वरूप सांगतांना वाटेचेंही वर्णन सांगावें, तें याचकरितां.

आतां वरिष्ठांची बाजूही पाहिली पाहिजे. एक माणूस तीन आठवडे नसतो तेव्हां त्याचें काम दुसऱ्या दोघांवर पडतें. ते कुरकुरतात आणि ती कुरकुर वरिष्ठांच्या कानांवर येते. त्यांच्यावरही कोणी साहेब असतोच. शिवाय खोटा दाखला आणून रजा उपभोगणारीं माणसें त्यांनीं पाहिलेलीं असतात, आणि त्या अनुभवाची शिक्षा निरपराध्याला भोगावी लागते. वरिष्ठांचा हट्ट पुष्कळदां अज्ञानांतून आणि अनिश्चिततेंतून जन्मतो. हा माणूस पूर्ण काम केव्हां करूं लागेल, हें त्यांना कोणीं सांगितलेलेंच नसतें. जेथें मुदत माहीत नसते तेथें सहानुभूतीला लवकर ओहोटी लागते.

यावर पहिला उपाय म्हणजे चांगला दाखला. आपल्याकडील दाखला बहुधा एका ओळीचा असतो: अमुक गृहस्थ अमुक तारखेपासून कामावर रुजू होण्यास योग्य आहेत. हा दाखला माणसाला एकदम आजाऱ्याचा निरोगी करून टाकतो. त्याऐवजीं डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्या: कोणतें काम आजपासून करतां येईल, कोणतें करतां यावयाचें नाहीं, आणि तें कोणत्या तारखेपर्यंत. 'जड काम देऊं नये' या मोघम वाक्यापेक्षां 'सहा आठवडे पांच किलोहून अधिक वजन उचलूं नये' हें वाक्य वरिष्ठांना अधिक उपयोगी पडतें, कारण त्यावरून कामाची वांटणी करतां येते.

दुसरा उपाय बोलण्याच्या रीतीचा. संकोचानें "होईल तेवढें करतों, साहेब" असें सांगणारा माणूस स्वतःला आणि साहेबांनाही फसवितो. पहिल्या दिवशीं सर्व करून दाखवितो आणि चौथ्या दिवशीं अंथरूण धरतो. त्यापेक्षां असें सांगावें: "साहेब, पत्रव्यवहार आणि हिशेब आजपासून मी पाहतों. दप्तरखान्यांतील गठ्ठे मात्र पंधरा तारखेपर्यंत मला उचलतां यावयाचे नाहींत. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे." यांत विनवणी नाहीं आणि अरेरावीही नाहीं. बोलणें झाल्यावर त्याचा सारांश त्याच दिवशीं लेखी पाठवावा आणि प्रत आपल्याजवळ ठेवावी.

परदेशांत हीच गोष्ट नियमानें बांधून टाकण्यांत आली आहे. ब्रिटनमध्यें एप्रिल २०१० पासून डॉक्टरांच्या चिठ्ठींत 'अमुक सवलती मिळाल्या तर काम करूं शकेल' असें लिहिण्याची सोय झाली. हळूहळू काम वाढविणें, वेळ बदलणें, कामाचें स्वरूप बदलणें आणि कामाच्या जागेंत फेरफार करणें, या त्या चार सवलती होत. जर्मनींत 'हांबुर्ग पद्धति' प्रसिद्ध आहे. तींत माणूस प्रथम दिवसाचे दोन-चार तास काम करतो आणि आठवड्यागणिक तास वाढवीत पूर्ण वेळेवर येतो. या काळांत तो कायद्याच्या दृष्टीनें आजारीच समजला जातो आणि विमा-निधींतून त्याला आजारभत्ता मिळतो. त्यामुळें मालकालाही फारसा भार वाटत नाहीं.

भारतांतील कायद्याचें छत्र सर्वांवर सारखें नाहीं. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ सालीं झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें योजनेचा आरंभ झाला. विमा उतरलेल्या कामगाराला आजारपणांत वर्षांतून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता आणि त्या काळांत कामावरून काढून टाकण्यास मनाई, हीं त्या कायद्याचीं मोठीं देणगी होत. वेतनाची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपये करण्यांत आली. त्यावर पगार असणारा मध्यमवर्गीय नोकरदार योजनेच्या बाहेर राहिला. पुढें या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली. महाराष्ट्रांतील दुकानें व आस्थापनांविषयींच्या २०१७ च्या कायद्यानें वर्षाला ८ दिवसांची नैमित्तिक रजा आणि वीस दिवसांच्या कामामागें एक दिवस भरपगारी रजा दिली, तींतील ४५ दिवसांपर्यंत सांठवितांही येते. परंतु आजारपणाची म्हणून निराळी रजा त्यांत नाहीं. केंद्र सरकारच्या नोकराची स्थिति अधिक बरी. १९७२ च्या रजा-नियमांप्रमाणें त्याला वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा जमा होते आणि दाखला दिल्यास ती निम्म्या दिवसांची पूर्णपगारी करून घेतां येते. शस्त्रक्रियेनंतर कायमचें अपंगत्व आलें तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याच्या २० व्या कलमाप्रमाणें सरकारी आस्थापनेला अशा नोकराला काढतां किंवा पदावनत करतां येत नाहीं. त्याच वेतनावर दुसरें काम द्यावें लागतें. तेव्हां शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वींच आपण कोणत्या नियमाखालीं येतों आणि रजा किती शिल्लक आहे, हें पाहून ठेवणें शहाणपणाचें.

नोकरी करणाऱ्या स्त्रीचा प्रश्न याहून बिकट आहे. तिचे वरिष्ठ एक नसून दोन असतात: एक कचेरींतले आणि दुसरें घर. कचेरींत सहा आठवड्यांची रजा मिळाली तरी स्वयंपाकघर सहा दिवसांची सुद्धां देत नाहीं. वीस लिटरची भरलेली बादली वीस किलोंची असते, ही गोष्ट ती उचलणारीच्या पोटाला कळते. बाजूनें जाणाऱ्यांना कळत नाहीं. "आतां बरी आहे ना?" असें विचारणाऱ्या घरच्या माणसांनीं बादली, गाद्या आणि सिलिंडर हीं तीन कामें तीन महिने आपल्याकडे घेतलीं, तर त्या प्रश्नाला कांहीं अर्थ राहील. वरिष्ठ कठोर आहेत म्हणून हळहळणारें घर स्वतः तसेंच वागत नाहीं ना, हें तपासून पाहावें.

इतकें करूनही वरिष्ठांनीं ऐकलें नाहीं तर? तर त्यांच्यावरील अधिकाऱ्याकडे अथवा कर्मचारी-विभागाकडे दाखल्यासह लेखी अर्ज करावा आणि ज्या कामाला डॉक्टरांची मनाई आहे तें नम्रपणें, पण ठामपणें नाकारावें. ताप येणें, जखम लाल होणें, तींतून पू येणें, ती वाढत्या प्रमाणांत दुखणें, एका पोटरीला सूज येणें, एकाएकी धाप लागणें किंवा छातींत दुखणें, यांपैकीं कांहींही झाल्यास कचेरीची परवानगी मागत बसूं नये. तडक डॉक्टरांकडे जावें.

वरिष्ठांनाही यांत हिशेब आहे. कारकुनाला चार आठवडे हलकें काम दिल्यानें कचेरीचें थोडें काम मागें पडतें. त्याच चार आठवड्यांत त्याला गठ्ठे उचलावयाला लावल्यानें जखम बिघडली, तर पुढील दोन महिने तो येत नाहीं आणि आल्यावर त्याचें मन पूर्वीसारखें कामांत राहत नाहीं. शरीराचें पंचांग निराळें असतें. कचेरीच्या हुकमानें त्यांतली एकही तारीख अलीकडे येत नाहीं. तें पंचांग कागदावर उतरवून साहेबांच्या टेबलावर ठेवणें, हें कामावर परतणाऱ्या माणसाचें पहिलें काम. आणि तें वाचून त्याप्रमाणें कामाची वांटणी करणें, हें साहेबांचें.