अध्यापक-कलावंतांचा हिशेब

एखादा प्राध्यापक कविता लिहितो, भाषांतरे करतो, मुलांसाठी पुस्तके काढतो, गावच्या वाचनालयाचा कारभार पाहतो आणि वर्गातही रमतो, तेव्हा ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’ या एका शब्दप्रयोगात त्याचा गौरव उरकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. सत्कारसमारंभात वक्ते त्याच्या बुद्धीचे, चिकाटीचे आणि उत्साहाचे वर्णन करतात व ते वर्णन बहुधा खरेही असते. परंतु या सर्व निर्मितीला लागलेला वेळ कोठून आला, त्या काळात चूल कशावर पेटली आणि घरचा भार कोणी वाहिला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. प्रतिभा ही निसर्गाची देणगी मानली तरी तिला लागणारे तास कोणाच्या तरी दिवसातून काढावे लागतात. त्या तासांचा हिशेब मांडणे हा गौरवाचा अवमान नव्हे. किंबहुना तो न मांडल्यामुळेच आज एक मोठी सांस्कृतिक हानी डोळ्यांदेखत होत असूनही ती कोणाच्या लक्षात येत नाही.

वेतनाचा आश्रय

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोएन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगीय कलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा साधा होता. कारखान्यात यंत्रे आली की तेवढ्याच श्रमात अधिक माल निघतो. परंतु चार वादकांना एखादी रचना वाजविण्यास शंभर वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. इतरत्र वेतने वाढत जातात, कलेचा खर्चही त्याबरोबर वाढतो, उत्पन्न मात्र त्या गतीने वाढत नाही. ही तूट कोणी तरी भरून काढावीच लागते. कोठे ती राजेरजवाडे भरतात, कोठे धनिक, तर कोठे शासन.

मराठीत या तिघांबरोबर एक चौथा आश्रयदाता आहे आणि त्याचे नाव कोणत्याही अर्पणपत्रिकेत आढळत नाही. तो म्हणजे शिक्षकाचे मासिक वेतन. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या मर्यादित; कवितेच्या तर अधिकच मर्यादित. मानधनावर संसार चालविणारे लेखक आपल्याकडे कायमच मोजके राहिले. विंदा करंदीकर मुंबईत इंग्रजीचे प्राध्यापक होते. ‘स्वेदगंगा’ हा त्यांचा पहिला संग्रह १९४९ मधला आणि ज्ञानपीठ पुरस्काराच्या वेळी ज्याचा विशेष उल्लेख झाला ते ‘अष्टदर्शने’ २००३ मधले. या मधल्या अर्धशतकात त्यांनी कविता लिहिली, लघुनिबंध लिहिले, बालकवितेला नवे वळण दिले, ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, गटेचा ‘फाउस्ट’ आणि शेक्सपिअरचा ‘राजा लिअर’ मराठीत आणला, ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’चे अर्वाचीनीकरण केले. बाजाराच्या कसोटीवर यांतील बहुतेक प्रकल्प पहिल्याच पायरीवर नापास झाले असते. महाविद्यालयाचे वेतन भरघोस नव्हते, पण ते निश्चित होते. आणि दीर्घ पल्ल्याच्या कामाला रकमेच्या मोठेपणापेक्षा तिच्या निश्चितीचे मोल अधिक असते.

या आश्रयाचे दुसरे वैशिष्ट्य असे की, तो पुण्या-मुंबईपुरता राहिला नाही. नरहर कुरुंदकर आधी शाळेत आणि मग पीपल्स कॉलेजात शिकवीत नांदेडलाच राहिले. प्रकाशनव्यवसायाच्या केंद्रांपासून इतक्या दूर बसून त्यांनी साहित्यसमीक्षा, नाट्यशास्त्र, संगीत, इतिहास, मनुस्मृती अशा परस्परांपासून लांब वाटणाऱ्या विषयांवर लिहिले. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयात आणि पुढे विद्यापीठात शिकविणारे गंगाधर पानतावणे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक अनेक दशके चालवीत होते. दलित लेखकांच्या पहिल्या पिढ्यांना त्या नियतकालिकाने हक्काची जागा दिली. ज्यांच्या घरी वतन नव्हते, शेती नव्हती, छापखाना नव्हता, त्यांना लेखनाच्या जगात पाय रोवून उभे राहण्याची संधी शिक्षकाच्या पगाराने दिली. वाङ्मयाच्या इतिहासात या घटनेची नोंद अर्थव्यवहार म्हणूनही व्हावयास हवी होती.

विभागणी नव्हे, जोडउत्पादन

एका माणसाने इतके उद्योग करावेत काय, असा प्रश्न यावर विचारला जातो. ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचा दाखला देऊन श्रमविभागणीचे महत्त्व सांगितले, तेव्हापासून ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ या आपल्या म्हणीला जणू शास्त्राचा आधारच मिळाला. परंतु टाचणी आणि कविता यांची निर्मिती एकाच नियमाने होत नाही. येथे श्रमविभागणीपेक्षा जोडउत्पादनाची कल्पना अधिक उपयोगी पडते. ऊस एकदा गाळला की साखर निघते, मळी निघते आणि चिपाडही हाती येते. प्रत्येकासाठी वेगळा ऊस गाळावा लागत नाही. अध्यापकाच्या वाचनाचे तसेच आहे. वर्गासाठी केलेली तयारी भाषांतराला उपयोगी पडते, भाषांतर करताना भाषेची जी उलथापालथ होते ती कवितेला, आणि व्याख्यानाची सवय सार्वजनिक कामाला.

शांता शेळके यांची वाटचाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग’मध्ये पत्रकारितेची उमेदवारी, मग नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात आणि पुढे मुंबईत मराठीचे अध्यापन, त्याबरोबर कविता, कथा, ललितलेखन, ‘लिटल विमेन’चे ‘चौघीजणी’ हे भाषांतर, कालिदासाच्या ‘मेघदूता’चा अनुवाद आणि चित्रपटगीते. संस्कृत काव्याची जाण आणि लोकगीतांचा कान एकाच व्यक्तीत असल्यामुळे त्यांच्या गीतांची भाषा सोपी असूनही सवंग झाली नाही. १९९६ मध्ये आळंदीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले ते या सर्व प्रवाहांच्या संगमामुळेच.

सामाजिक कार्याचेही तसेच. ते निर्मितीतून वजा होते असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कुरुंदकरांचे लेखन पुष्कळ अंशी व्याख्यानांतून, राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांतून आणि मराठवाड्याच्या प्रश्नांवरील चर्चांतून घडले. समोर बसलेल्या माणसाच्या शंकेला उत्तर देण्याची गरज त्यांच्या गद्याला धार देऊन गेली. मात्र या साऱ्याची किंमत शरीर मोजत असते, हेही विसरता येत नाही. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशीही गाठलेली नव्हती.

न मांडलेले खाते

वेतन आणि वाचन यांखेरीज तिसरा आधार घराचा. त्याची नोंद कोठल्याही खतावणीत नसते. भारताच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली केलेल्या कालवापर पाहणीनुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दररोज सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात. असे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे भरते. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांचे काम दहा मिनिटांनी घटले खरे, पण पुरुषांचेही नऊ मिनिटांनी घटले. दोघांतील तफावत रोज तीन तासांहून अधिक आहे. तीन तास म्हणजे सकाळचे शांत लेखन किंवा संध्याकाळची तालीम. पुरुष अध्यापकाचे ‘अष्टपैलुत्व’ पुष्कळदा या तीन तासांवर उभे असते, आणि त्याच महाविद्यालयात तेवढेच तास घेणारी त्याची सहकारी भगिनी घरी पोचताच दुसऱ्या पाळीवर रुजू होते.

पु. ल. देशपांडे यांच्या बहुरंगी कर्तृत्वामागे सुनीताबाईंनी केलेली व्यवस्था, हस्तलिखितांची आणि प्रयोगांच्या परवानग्यांची काळजी, प्रतिष्ठानामार्फत दिलेल्या देणग्यांचा चोख कारभार, या गोष्टी सर्वश्रुत आहेत. १९९० मध्ये ‘आहे मनोहर तरी’ प्रसिद्ध झाले तेव्हा हे खाते प्रथमच वाचकांसमोर उघडले गेले आणि त्यातील लेखणीचा कस पाहून, ही लेखिका इतकी वर्षे होती कोठे, असा प्रश्न अनेकांना पडला. उलट बाजूचे उदाहरणही आपल्याकडे आहे. इरावती कर्वे यांनी डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्राचे अध्यापन आणि दूरदूरच्या प्रदेशांत संशोधनाची भटकंती करीत असतानाच मराठी ललित गद्यात मोलाची भर घातली. ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचे पारितोषिक १९६८ मध्ये मिळाले. रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेले त्यांचे पती दिनकर धोंडो कर्वे यांनी संसाराच्या जबाबदाऱ्यांत मनःपूर्वक वाटा उचलला नसता, तर हे घडणे अवघड होते. जेथे घरकामाची वाटणी होते, तेथे स्त्रीचीही प्रतिभा बहुविध होऊ शकते, एवढेच यातून निष्पन्न होते.

निसटते आधार

हे तीन आधार ध्यानात घेतले म्हणजे वर्तमानाची चिंता वाटू लागते. राज्यातील महाविद्यालयांत कायम जागा दीर्घकाळ रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर नेमणुका करण्याची रीत रूढ झाली आहे. अशा अध्यापकाला घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात. सुट्टीचे मिळत नाहीत, आणि पुढील वर्षी बोलावणे येईल याची शाश्वती नसते. उत्तम पदवी, पात्रता परीक्षा, प्रसंगी डॉक्टरेट पदरी असलेला तरुण दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करतो. पूर्वीच्या अध्यापकाची उन्हाळी सुट्टी भाषांतराची असे. याची सुट्टी बिनपगारी बेकारीची असते. विंदांच्या पिढीला मिळालेली निश्चिती याला नाही, आणि ज्या वर्गांतून पानतावण्यांसारखे संपादक पुढे आले, त्यांच्याच घरांतील पदवीधरांची यात अधिक कुचंबणा होते, कारण त्यांच्यामागे वडिलार्जित इस्टेट नसते.

जे कायम आहेत त्यांचीही स्थिती निर्वेध नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साहाय्यक प्राध्यापकाने आठवड्यात सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन आणि एकूण चाळीस तास काम करावयाचे आहे. ही अपेक्षा वाजवी आहे. परंतु अध्यापनापलीकडचे तास अहवाल, तक्ते आणि मूल्यांकनाच्या कागदपत्रांत खर्ची पडतात. बढतीच्या गुणतक्त्यात पुस्तकाला व भाषांतराला स्थान आहे. पण गावात नाट्यसंस्था उभी करणे किंवा नियतकालिक पिढ्यान् पिढ्या चालविणे यांसाठी सरळ बसेल असा रकाना सापडणे कठीण.

कायम वेतन घेऊन वर्गाकडे पाठ फिरविणारे आणि ‘साहित्यसेवा’ हे निमित्त करणारे अध्यापकही महाराष्ट्राने पाहिले आहेत, हा आक्षेप नाकारण्यात अर्थ नाही. अशांना जाब विचारलाच पाहिजे. परंतु काही कामचुकारांवरचा इलाज म्हणून सगळ्यांचीच नोकरी अस्थिर करणे म्हणजे ढेकणासाठी घर जाळणे होय. शिवाय अस्थिर नोकरीने वर्ग सुधारतात, असाही अनुभव नाही. ज्याला उद्याची खात्री नाही तो विद्यार्थ्याशी दीर्घ नाते जोडू शकत नाही.

तेव्हा करावयाचे काय, याचे उत्तर गूढ नाही. रिक्त जागा कायमस्वरूपी भरणे, तोवर तासिका तत्त्वावरील अध्यापकांना सुट्टीसह वर्षभराचे निश्चित वेतन देणे, निर्मितीच्या व समाजकार्याच्या प्रकल्पांसाठी अभ्यासरजेची तरतूद वाढविणे आणि गुणतक्त्यात त्यांना प्रतिष्ठेचे स्थान देणे, ही शासनाची व विद्यापीठांची कामे आहेत. पाचवे काम मात्र कोणत्याही शासननिर्णयाने होणार नाही. ते घरोघरच्या पुरुषांनी स्वयंपाकघरात जाऊनच करावयाचे आहे. उद्याच्या महाराष्ट्राला अष्टपैलू माणसे हवी असतील तर त्यांच्या कौतुकाची भाषणे तयार ठेवण्याआधी त्यांच्या दिवसातील दोन तास मोकळे करून देण्याची जबाबदारी समाजाने पत्करली पाहिजे.