हातचा न घेणारी संख्या

नऊ वेळा १ ओळीने मांडा आणि तयार झालेल्या १११११११११ या संख्येला तिनेच गुणा. कॅल्क्युलेटर नको, कारण खरा आनंद कागदावरच्या मांडणीत आहे. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त दरवेळी एक घर डावीकडे सरकलेले. मग उभी बेरीज. उजवीकडून पहिल्या रकान्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे चढत नवव्यात नऊ. तिथून पुढे रकाने एकेकाने उतरू लागतात. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१.

सतरा अंक, आणि एकदाही हातचा घ्यावा लागला नाही! या संख्येचे देखणेपण त्यातूनच आले आहे.

अशा संख्यांचा ध्यास घेतला तो देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. ६१७४ मुळे त्यांचे नाव जगभर गेले, पण मला त्यांच्या डेम्लो संख्या अधिक मोलाच्या वाटतात. जी. आय. पी. रेल्वेच्या ज्या स्थानकावर ही कल्पना सुचली, त्याचेच, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे, नाव त्यांनी या संख्यांना दिले. डेम्लो संख्येची दोन टोके मिळवली की मधलाच अंक पुन्हा पुन्हा येतो. आपल्या संख्येत मधला ९ सोडा आणि टोके मिळवा: १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१ बरोबर ९९९९९९९९.

हिच्या धाकट्या बहिणीची ओळख मात्र फार जुनी. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त २७९९४६८१ गुणिले ४४१ असा गुणाकार आहे. उत्तर १२३४५६५४३२१, म्हणजेच सहा एकांच्या ११११११ चा वर्ग.

आता अवयव पाहू. ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. या मूळ संख्यांच्या गुणाकारातून आपली संख्या उभी राहते. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागही पूर्ण जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, तोही पूर्ण वर्ग: १२३४५६७९ चा. या संख्येत ८ नाही!

तो कुठे गेला? दहा एकांचा वर्ग करून पाहा. मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा एक शेजारच्या ९ वर जातो, तिथेही दहा, मग तो ८ वर चढून त्याचा ९ करतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढणीवरचा ८ हातच्याने गिळला. १ ला ८१ ने भागले तरी दशांशचिन्हापुढे ०१२३४५६७९ हेच नऊ अंक अखंड फिरत राहतात, आणि ८ तिथेही याच कारणाने येत नाही.