गोठ्यातील काँक्रीट जमीन आणि जनावरांचे घसरणे

गोठ्याची जमीन काँक्रीटची करण्यामागे स्वच्छता व टिकाऊपणा हे हेतू असतात. मात्र गवंडी ती घराच्या कोब्याप्रमाणेच घोटून गुळगुळीत करतो आणि शेण-मूत्राने ओली होताच ती निसरडी बनते. ४०० ते ५०० किलो वजनाच्या संकरित गायीचे मागील पाय अशा जमिनीवर फाकले, तर मांडीचे स्नायू फाटतात वा खुबा निखळतो. अशी गाय पुष्कळदा पुन्हा उठत नाही.

प्रजननाचे नुकसान सहसा नजरेस येत नाही. माजाच्या काळात गायी एकमेकींवर चढतात. पाय घसरत असल्यास त्या हे टाळतात, माज ओळखला जात नाही आणि सुमारे २१ दिवस वाया जातात.

बांधकामाच्या वेळीच उपाय योजणे स्वस्त पडते. ओल्या काँक्रीटवर लाकडी रंधा फिरवून, ते घट्ट होण्यापूर्वी सुमारे १० मिलिमीटर रुंद व तितक्याच खोल खाचा ५ ते ८ सेंटिमीटर अंतराने, उताराच्या दिशेने पाडाव्यात. त्यामुळे मूत्र वाहून जाते व खुराला कडेचा आधार मिळतो. खाचांमधील भाग सपाटच हवा. खडबडीतपणाचा अतिरेक झाल्यास खूर झिजून गाय लंगडते, याचा उत्साहात विसर पडतो. जुन्या जमिनीत हिऱ्याच्या पात्याच्या यंत्राने खाचा कापता येतात. नव्या खाचांच्या धारदार कडा काँक्रीटचा जड ठोकळा ओढून बोथट कराव्यात आणि जमीन धुऊन मगच जनावरे सोडावीत.