तहानलेल्या पिकाला खत?

जुलै-ऑगस्टात पावसानं ओढ दिली की कळंब-वाशीकडचं सोयाबीन भर दुपारी माना टाकतं. मग बांधावर सल्ला मिळतो : खताचा एक हात द्या, पीक सावरेल. हा समज पिकाच्या जिवावर उठतो.

मुळांच्या टोकांजवळ केसासारख्या बारीक पेशी असतात. त्यांच्याभोवतीच्या पातळ पटलातून पाणी सहज जातं, क्षार तसे जात नाहीत. आणि पाणी विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे सरकतं. एरवी पेशीतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट, म्हणून पाणी आत येतं. अपुऱ्या ओलीत खत विरघळलं की मातीतलंच पाणी दाट होतं. मग आत येणारं पाणी कमी होतं. खत फारच जास्त झालं, तर उलट मुळांतलंच बाहेर पडतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळल्यावर पाणी सुटतं, ते याच कारणानं.

मुळं जोर लावून पाणी ओढतात, असंही अनेकांना वाटतं. पण पाण्यासाठी पेशीकडे पंपच नसतो. पानांतून बाष्प उडतं, त्या ताणानं पाणी वर चढतं. पटलात पाण्यापुरत्या खास वाटा मात्र असतात. त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना 2003 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पेशीला ऊर्जा खर्चावी लागते ती नत्र, पालाश आत घेण्यासाठी. ती ऊर्जा मिळवायला मुळांना हवेतला प्राणवायू लागतो.

म्हणूनच अतिवृष्टीनंतरचं पिवळेपण नीट समजून घ्यायला हवं. सप्टेंबर 2025मध्ये परंडा-भूम भागात शिवारं पाण्याखाली गेली. अशा वेळी खत वाहून गेलं म्हणून पीक पिवळं पडलं असं म्हणतात. ते काही अंशी खरं आहे. पण काळ्या रानात पाणी तुंबलं की मुळं गुदमरतात. जमिनीत अन्न असूनही ते आत घेता येत नाही, सोयाबीनच्या गाठींचं कामही मंदावतं. पटलातल्या पाण्याच्या वाटासुद्धा बंद होऊ लागतात, त्यामुळे पाण्यात उभं असलेलं झाड कोमेजतं. तिथं आधी चर काढून पाणी बाहेर काढावं, वापसा येऊ द्यावा, खताचं नंतर बघावं.

पावसाचा खंड पडला असेल तर कोळपणी करून ओल धरावी. 13:00:45 या खताची फवारणी करायची तर 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम पुरे. प्रमाण वाढवलं की पानांच्या पेशींतूनही पाणी बाहेर पडतं आणि कडा करपतात.