चेतापेशींच्या शेजारी कोण राहतं?

नैराश्य म्हटलं की चर्चा होते ती चेतापेशींची. पण १९९८ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांनी मृत रुग्णांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पेशी मोजल्या. कपाळामागच्या, भावनांशी निगडित असलेल्या एका लहानशा भागात चेतापेशींची संख्या फारशी बदललेली नव्हती. कमी भरल्या त्या ग्लायल, म्हणजे आधारपेशी. त्याही मुख्यतः ज्यांच्या घराण्यात हा आजार होता, त्यांच्यात.

यांतल्या ॲस्ट्रोसाइट चेतापेशींच्या सांध्यांना बिलगून असतात आणि निरोप पोचल्यावर उरलेलं ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन शोषून घेतात. ते साचत राहिलं तर चेतापेशींना इजा होते.

स्किझोफ्रेनियात संशय मायक्रोग्लिया या दुसऱ्या प्रकारच्या ग्लायल पेशींवर आहे. वाढत्या वयात या पेशी नको असलेले सांधे माळ्यासारखे छाटतात. सी-४ जनुकाच्या काही रूपांमुळे या आजाराचा धोका थोडा वाढतो, हे २०१६ साली दिसलं. याच जनुकाचं प्रथिन छाटायच्या सांध्यांवर खूण करतं. छाटणी जास्त होत असावी, हा तर्क मला पटण्याजोगा वाटतो, कारण आजार बहुधा पौगंडावस्थेच्या शेवटी किंवा विशीत डोकं वर काढतो. अशा मुलांच्या आईवडिलांना ‘तुमचेच लाड नडले’ असं ऐकवणाऱ्यांनी ही पेशींची बाजू जरूर समजून घ्यावी.