गर्भाआधीचे आयोडीन

गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या द्याव्यात, हे आता घरोघरी ठाऊक आहे. आयोडीनची चौकशी सहसा कुणी करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ते एरवी रोज १५० मायक्रोग्रॅम लागते, गरोदरपणी २५०. चिमटीत धरता येणार नाही इतके.

मला या विषयात अडकवले ते पापुआ न्यू गिनीतल्या जिमी खोऱ्याने. डोंगराळ मुलूख, आहारात आयोडीन नगण्य, गलगंड सर्रास. १९६६ साली फेरोआ आणि सहकाऱ्यांनी तिथे एकाआड एक कुटुंबाला आयोडीनयुक्त तेलाचे इंजेक्शन दिले, उरलेल्यांना नुसते सलाइनचे. निकाल १९७१च्या ‘लॅन्सेट’मध्ये आले. तेल मिळालेल्या मातांच्या ४९८ मुलांत ७ जणांना क्रेटिनिझम, म्हणजे जन्मजात मतिमंदत्व आणि बहुधा बहिरेमुकेपणही. दुसऱ्या गटात ५३४ पैकी २६.

खरी मेख त्या सातांत आहे. त्यांपैकी सहाजणांच्या आया इंजेक्शन घेतले तेव्हा आधीच गरोदर होत्या!

गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस कुठे कामाला लागते. तोवर मेंदूची घडण चालते ती आईच्या थायरॉक्सिनवर. पाळी चुकल्यावर धावाधाव करून हे अंतर भरून निघेलच असे नाही; म्हणून माझ्या मते हा उपाय दवाखान्याआधी वाण्याच्या दुकानात हवा. आपल्याकडे कांगडा खोऱ्यात रामलिंगस्वामींनी १९५६पासून आयोडीनच्या मिठाने गलगंड हटवून दाखवलाच होता. ‘शुद्ध’ म्हणून घरात सैंधव आणणाऱ्यांनी पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द आहे का, तेवढे पाहावे.